तीन, चार, पाच

संपादकांनी फोनवर विषय सांगितला तेव्हा 'मूल्ये' हा शब्द तीनदा उच्चारला. शाळेत खेळ कशासाठी घेतात, पोरांकडून काय अपेक्षा असते, सातारा-सांगलीकडं जाऊन बघा, म्हणाले. वाळवा तालुक्यातल्या पहिल्याच शाळेत मी तो शब्द काढला, तर क्रीडाशिक्षकांनी कपाटातून मूल्यमापनाच्या वह्या बाहेर काढल्या. त्यांचा बिचाऱ्यांचा काही दोष नाही. गेली कित्येक वर्षं बाहेरून आलेला माणूस त्यांच्याकडं कागदच मागतो.

शाळेचं नाव देत नाही, सरांनीच नको म्हटलं. पण त्यांना मैदान आखताना बघितलं आणि वह्या मिटून ठेवायला सांगितल्या.

सकाळचे सात. तालुका स्पर्धा तोंडावर आलेल्या. सरांच्या हातात नायलॉनची दोरी, दोन खुंट्या आणि तळाला खिळ्यानं भोकं पाडलेला डालड्याचा डबा, त्यात फक्की. खो-खोचं मैदान 27 मीटर लांब, 16 मीटर रुंद. ते मोजणं अवघड नाही, अवघड आहे कोपरा काटकोनात आणणं. दोरीला बारा सारख्या अंतरावर गाठी मारलेल्या. तीन गाठींवर एक खुंटी, पुढच्या चारवर दुसरी, उरलेल्या पाच ताणून पहिल्या टोकाला आणायच्या, की कोपरा आपसूक काटकोनात बसतो. "गणिताच्या मास्तरांना पायथागोरस शिकवायला एक आठवडा लागतो," सर म्हणाले. "माझ्या पोरी दोन मिनिटांत आखून दाखवतात. प्रमेय विचारू नका फक्त."

मग दोन टोकांना दोन खांब, जमिनीच्या वर उंची सव्वाशे सेंटिमीटरच्या आत. मधे उभी पाटी, तिला छेदणाऱ्या आठ आडव्या पाट्या. जिथं पाट्या एकमेकींना छेदतात, त्या आठ चौकोनांत आठ जणी बसतात, एकीचं तोंड इकडं तर दुसरीचं तिकडं. नववी पळते.

पाठलाग करणारीला मधली पाटी ओलांडता येत नाही आणि एकदा दिशा धरली की खांब गाठेपर्यंत मागं वळता येत नाही. समोरची गडी हुलकावणी देऊन पलीकडं गेली, तर बसलेल्या मैत्रिणीच्या पाठीवर हात ठेवून 'खो' म्हणायचं आणि तिच्या जागी बसायचं. आधी हात, मग आवाज. बसलेलीला मागं काय चाललंय ते पुरतं दिसत नाही. पायाचा आवाज जवळ आला तरी खो मिळेपर्यंत उठायचं नाही, उठली तर फाउल. सरांचा सगळा जीव या एका गोष्टीत अडकलाय. तासभर त्यांनी पळण्याचा सराव घेतलाच नाही, नुसतं बसायला लावलं. पाठीमागून कुणी धावत येत असताना न उठणं. एक सातवीतली मुलगी तीनदा आधीच उठली. सर ओरडले नाहीत. तिला उठवून स्वतः तिच्या चौकोनात बसले आणि म्हणाले, "दे मला खो."

अधिकृत इतिहास थोडक्यात सांगून टाकतो. खेळ गावचा जुना, नियमात बसवण्याची खटपट 1914 पासून पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर झाली. शालेय स्पर्धांची राष्ट्रीय संघटना 1954 ची. चौदा, सतरा, एकोणीस वर्षांखालचे गट. तालुका, जिल्हा, मग साताऱ्याच्या आणि सांगलीच्या पोरांची गाठ कोल्हापूर विभागात, पुढं राज्य आणि राष्ट्रीय.

माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर शाळेत आधी खो-खोच खेळायची, पळण्याकडं नंतर वळली. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसच्या प्राथमिक फेरीत तिनं 9 मिनिटं 19.76 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला आणि अंतिम फेरीत दहावी आली. ट्रॅकवरच्या वैयक्तिक ऑलिंपिक अंतिम फेरीत 1984 च्या पी. टी. उषानंतर भारतीय बाई दिसली ती हीच. माणमध्ये पाऊस पडत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. तिथल्या शाळेत खो-खो का रुजला हे विचारायला नको. दोन खांब लागतात, बाकी माती आहेच.

आणि पैलवान खाशाबा जाधव. या दोन जिल्ह्यांत खेळावर बोलायला बसलं की कुणी ना कुणी कराडजवळच्या गोळेश्वरला पोचतोच. कराडच्या टिळक हायस्कूलचा विद्यार्थी, पुढं कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. 1952 साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. त्या पैशावर गेलेल्या माणसानं स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणलं, कुस्तीच्या बॅन्टमवेटमध्ये कांस्य. कराडला उतरल्यावर शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आपण गोष्ट इथंच थांबवतो. मला मात्र गहाणखताचा कागद जास्त मोठा वाटतो. मूल्य मूल्य म्हणतात ते एकदाच रुपयात मोजून समोर ठेवलं गेलं, आणि ते मास्तरांच्या खिशातून गेलं. वाळव्याच्या सरांच्या खिशातून आज फक्की जाते, तालुक्याला जाताना पोरींचा वडापाव जातो. रक्कम लहान, वाट तीच.

पोरींची अपेक्षा काय, तेही विचारलं. देशाचं नाव वगैरे एकीनंही सांगितलं नाही. "भरती," दहावीतली म्हणाली. मैदानाच्या दुसऱ्या कडेला तिची थोरली बहीण चार किलोचा गोळा फेकत होती. पोलीस भरतीला मुलींना 800 मीटर, 100 मीटर आणि गोळाफेक, मैदानी परीक्षेचे पन्नास गुण. शहरातल्या लोकांना हे ऐकून खेळाचा अपमान झाल्यासारखं वाटतं. पहिल्या महायुद्धात साताऱ्याच्या एकट्या अपशिंग्याचे 46 जवान कामी आले, गावाच्या नावाला मिलिटरी जोडलं गेलं. अशा मुलखात धावण्याला नोकरीशी जोडणं हलकं कसं म्हणता येईल? खाशाबाही पुढं पोलिसांतच लागले, 1955 साली.

अडचण भरतीची नाही, प्रमाणपत्राची आहे. दहावी-बारावीला खेळाडूंना वाढीव गुण मिळतात, पूर्वी सरसकट 25 होते, आता स्पर्धेच्या पातळीप्रमाणं. सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण. दोन्ही सवलती चांगल्या हेतूच्या. पण त्यांच्यामागून बोगस प्रमाणपत्रांचा धंदा आला, पडताळणी आली, पडताळणीच्या फाइली आल्या. "पूर्वी आईबाप विचारायचे, पोरगी बरी खेळते का," सर म्हणाले. "आता विचारतात, किती मार्क पडतील. खो-खोला गर्दी आहे, म्हणून कुणी नाव न ऐकलेल्या खेळात घाला म्हणतात, तिथं जिल्ह्याला चारच संघ असतात." वयोगटासाठी बदललेल्या जन्मतारखांविषयी ते बोलले नाहीत, नुसते हसले.

कायद्यानं शाळेला मैदान हवं. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात तसं लिहिलंय. सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असतील तर शारीरिक शिक्षणाला अर्धवेळ निदेशकही. अर्धवेळ हा शब्द ज्यानं घातला त्यानं सकाळी सातला दोरी धरली नसणार. सर पुढल्या वर्षी निवृत्त होतात. त्यांच्या जागी कोण, याचं उत्तर मुख्याध्यापकांनी वर बोट दाखवून दिलं. वर म्हणजे पुणे की देव, कळलं नाही.

गोळेश्वरलाही वर बोट दाखवूनच झालं. खाशाबांच्या नावानं कुस्ती अकादमीची घोषणा 2009 मध्ये झाली. काम पुढं सरकेना, तेव्हा 2017 मध्ये कुटुंबीयांनी ते हेलसिंकीचं पदक लिलावात काढू, असं जाहीर केलं. आता 15 जानेवारी, त्यांचा जन्मदिवस, राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. शाळाशाळांतून फोटोला हार पडतो.

नऊच्या सुमाराला पावसाची सर आली. मोठी नव्हे, पण फक्कीला तेवढी पुरते. आठही पाट्या चिखलात विरघळल्या. पोरी व्हरांड्यात पळाल्या आणि तिथंच भिंतीला पाठ लावून ओळीत बसल्या, एक इकडं तोंड करून, एक तिकडं. ऊन पडल्यावर सरांनी डबा पुन्हा भरला. पोरी वर्गात गेल्या होत्या, म्हणून दोरीचं टोक मी धरलं.

"तीनवर धरा, साहेब," ते लांबून ओरडले. "चारवर धरलंय तुम्ही."