इराण्याच्या हॉटेलात, बऱ्याच वर्षांनी

हैदराबादेत ज्यांच्या दोन-तीन पिढ्या गेल्या आहेत, अशा मराठी कुटुंबात इराणी हॉटेलची एखादी आठवण निघाली नाही, असे सहसा होत नाही. कोणाचे आजोबा कोर्टाचे काम आटोपून तेथे घटकाभर टेकत. कोणाचे वडील रविवारी वर्तमानपत्र घेऊन तेथे बसत. घरातील स्त्रियांच्या वाट्याला मात्र बहुधा उस्मानिया बिस्किटांचा पुडाच तेवढा येई.

गेल्या संक्रांतीच्या सुमारास आमचा एक शाळासोबती नांदेडहून आला. बँकेतील नोकरीनिमित्त तो तिकडे गेला आणि तिकडचाच झाला. काचीगुडा स्टेशनवर आम्ही त्याला उतरवून घेतले, तेव्हा तो म्हणाला, "घरी मग जाऊ. आधी आपल्या इराण्याकडे चल."

कोठीच्या बाजूचे हे हॉटेल आमच्या शाळकरी वयापासूनचे. संगमरवरी फरशीची टेबले, काळपट लाकडी खुर्च्या, भिंतीवर पारा उडालेले आरसे. गल्ल्यावर वृद्ध मालक बसतात. त्यांना सारेजण आगासाहेब म्हणतात. जुन्या वेटरने आम्हांला ओळखले. "क्या साब, भौत दिनां के बाद आए!" म्हणत त्याने टेबलावरून फडके फिरवले.

या चहाची कृती साधी दिसते, पण ती सारी सबुरीची आहे. पत्ती आणि साखर घालून चहाचे पाणी झाकणबंद भांड्यात मंद आचेवर बराच वेळ मुरत ठेवतात. दूध निराळे, ते दुसऱ्या भांड्यात आटून दाट होत असते. दोघांची भेट होते ती कपातच. म्हणून त्याला ना घरच्या चहासारखी आल्याची चव, ना टपरीवरच्या चहासारखा उकळ्यांचा कडवटपणा. ज्याला गोड हवे त्याने 'खडे चम्मच की चाय' मागावी, म्हणजे चमचा उभा राहील इतकी साखर; दूध नको असेल त्याने सुलेमानी. सोबत किंचित खारट, किंचित गोड असे उस्मानिया बिस्कीट. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून त्याला हे नाव पडले, असे सांगतात.

गंमत अशी की खुद्द इराणात चहा बिनदुधाचा पितात आणि साखरेचा खडा तोंडात धरतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पोटासाठी इराण सोडून आलेली माणसे मुंबई-पुण्याच्या वाटेने इकडे आली आणि येथल्या जिभेसाठी त्यांनी आपला चहा बदलला. मुंबईचे इराणी हॉटेलवाले बहुतांशी जरथुष्ट्री, तर हैदराबादचे बहुतांशी शिया मुसलमान.

आपणही या शहरात असेच आलेले. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, तेव्हा कचेरी, कोर्ट आणि उच्च शिक्षण यांसाठी आपले वाडवडील येथे आले. १९०७ साली विवेकवर्धिनी शाळा निघाली ती या वस्तीच्याच गरजेतून. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात गेला. आपण मात्र येथेच राहिलो. पुढे २०१४ साली आंध्राचे तेलंगण झाले, तरी आपला पत्ता तोच राहिला.

वेटरने बिस्किटांची बशी पुढे केली तेव्हा मित्र सहज म्हणाला, "नक्को, मियाँ." आम्हांला हसू आले. हा 'नक्को' आपल्याच 'नको'चा भाऊ. दखनी बोलणारा 'ऐसाइच' म्हणतो, त्यातला 'च'सुद्धा आपल्याच घरचा. शेजारच्या टेबलावर दोघे तेलुगूत बोलत होते, आगासाहेब फोनवर फारसीत. मराठीचे एम. ए. करताना आम्ही भाषासंपर्क हा विषय पुस्तकातून वाचला खरा; पण त्याचा पहिला धडा आम्हांला या टेबलावर मिळाला होता.

दुसरा कप आला. मित्राने चहा बशीत ओतला आणि बशीकडेच पाहत म्हणाला, "हेडमास्तर, तुला आठवतं? पोरीला मराठी शाळेत घाल, म्हणून तू मला इथंच बसून समजावलं होतंस."

आम्हांला आठवत होते. २००१ सालची गोष्ट. आम्ही तेव्हा तरुण शिक्षक होतो आणि मातृभाषेतील शिक्षणावर तास-तासभर बोलत असू. या टेबलावर दोन तास बोलून आम्ही त्याला पटवले. त्याने मुलीचे नाव मराठी माध्यमात घातले. आणि पुढच्याच वर्षी आम्ही आमच्या मुलाला इंग्रजी शाळेत घातले. घरच्यांचा आग्रह होता, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे पाहणे होते, बदलीची धास्ती होती; कारणे पुष्कळ होती. ती मित्राला सांगण्याचे धैर्य तेवढे नव्हते.

"मला ते तुझ्याकडून कळलं नाही," तो म्हणाला. "दुसऱ्याच कोणी हसत हसत सांगितलं. पोरगी अकरावीला गेली, तेव्हा पहिलं वर्षभर घरी येऊन रडायची. त्या वेळी तुझी फार आठवण यायची मला. चांगली नव्हे."

आम्ही विचारले, "मग, चुकलं असं वाटतं का रे?"

तो थोडा वेळ थांबला. "पोरीचं नाही चुकलं. सावरली ती. आज नांदेडात शिकवते, वाचते, आजीची पत्रं तिनंच नीट लावून ठेवलीत. पण तू मला सांगायला हवं होतंस. मी रागावलो असतो फार तर चार दिवस."

गेली वीसहून अधिक वर्षे आम्ही संमेलनांत, पालकसभांत, याच मासिकाच्या पानांतही मातृभाषेचा पुरस्कार करीत आलो. आमचा मुलगा मराठी छान बोलतो. पण हा लेख त्याला वाचता येणार नाही. घरी मासिक येते ते आम्ही आणि आमची पत्नी वाचतो, आणि ते कपाटात जाते. मुलाला शाळेत घालण्याचा निर्णय चूक होता की बरोबर, हा वाद येथे घालावयाचा नाही. परंतु जो उपदेश आपण घरी पाळू शकलो नाही, तो दुसऱ्याला करताना आपली अडचणही सांगावयास हवी होती. ती न सांगता आम्ही एका मित्राला एकटे पाडले. "माझं चुकलं," एवढेच आम्ही म्हणालो. त्याने आमच्या पुढ्यातले बिस्कीट उचलून आपल्या चहात बुडवले आणि विषय आपल्या बदल्यांकडे वळवला. लहानपणापासून त्याची क्षमा करण्याची रीत हीच.

निघताना आगासाहेबांशी दोन शब्द बोललो. जागेचा भाडेकरार संपत आला आहे, भाडे परवडत नाही, मुलांना या धंद्यात यावयाचे नाही. आपल्याही घराघरांतून हेच ऐकू येते, फक्त धंद्याच्या जागी भाषा असते. शहरात चहाची नवी दुकाने पुष्कळ निघाली आहेत आणि काहींचा चहा चांगलाही असतो. परंतु तेथे बहुधा उभ्याने प्यावा लागतो. वीस वर्षे मनात राहिलेली गोष्ट उभ्याउभ्या निघत नाही. घरी बायकामुलांसमोर निघत नाही, लग्नाच्या मांडवात निघत नाही, फोनवर तर नाहीच. दोन कप चहावर दीड तास बसलेल्या माणसांना 'उठा' न म्हणणारा मालक लागतो, तेव्हा ती निघते.

वाचकांना आमची एवढीच विनंती आहे. आपल्या गावी, मग ते इंदूर असो, बडोदे असो की बेळगाव, असे एखादे जुने हॉटेल अजून उघडे असेल, तर ते बंद झाल्यावर हळहळत बसू नये. ज्याच्याशी काही बोलावयाचे राहून गेले आहे, अशा मित्राला घेऊन आजच तेथे जावे.

मित्र नांदेडला परत गेला. जाताना त्याने मुलीचा फोन क्रमांक दिला आणि म्हणाला, "तुझ्या पोराला वाचायला शिकायचं असेल तर हिला सांग. सुट्टीत शिकवील." आम्ही तो क्रमांक मुलाला कळवला आहे. त्याचे उत्तर अजून यावयाचे आहे.