मोटारसायकलचा दिवा व सेल्फ : रिलेचा उपयोग

बियाणे आणणे, दूध संकलन केंद्रावर पोचविणे, पंपाचे सुटे भाग तालुक्याहून आणणे अशी शेतीची कितीतरी कामे आज मोटारसायकलवर होतात. विजेची पाळी रात्रीची आली म्हणजे पिकाला पाणी देण्यासाठी अपरात्रीही तिच्यावरूनच शेत गाठावे लागते. वाटेत दिवा नसलेली बैलगाडी, उसाने भरलेली ट्रॉली अथवा रस्त्यात बसलेले जनावर केव्हा समोर येईल याचा नेम नसतो. अशा वेळी उजेड थोडा जरी कमी पडला तरी ते जिवावर बेतू शकते. बल्ब नवा, बॅटरी चांगली, आणि तरीही दिवा मंद, अशी जुन्या गाड्यांची तक्रार असते. तिचे कारण पुष्कळदा बल्बमध्ये नसून बॅटरीपासून बल्बपर्यंतच्या वाटेत असते. ही वाट सुधारण्याचे एक स्वस्त साधन म्हणजे रिले होय.

दाब वाटेत कसा उतरतो

कच्च्या पाटाने सोडलेले पाणी शेवटच्या वाफ्यात पोचेपर्यंत त्याचा जोर उरत नाही. विजेचेही तसेच आहे. बॅटरीतून निघालेली वीज किल्लीचा स्विच, फ्यूज, हँडलवरील डिपर आणि अनेक जोड ओलांडून बारीक तारेने बल्बपर्यंत जाते. तार बारीक असेल, जोड गंजले असतील किंवा स्विचच्या पट्ट्यांवर कार्बन धरला असेल, तर त्या प्रत्येक ठिकाणी विरोध होऊन विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, उतरतो.

एक उदाहरण घेऊ. ६० वॉटचा हॅलोजन बल्ब १२ व्होल्टवर सुमारे ५ अँपियर प्रवाह घेतो. वाटेतील सर्व विरोध मिळून केवळ ०.३ ओहम असला, तरी १.५ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.५ व्होल्ट असले तर बल्बला १२ व्होल्टच मिळतात. दाबातील ही घट नवव्या हिश्शाची दिसते; परंतु उजेड मात्र सुमारे एकतृतीयांशाने कमी होतो, कारण दाब थोडा उतरला तरी तारेच्या बल्बचा उजेड फार झपाट्याने घटतो. शिवाय वाटेत गमावलेली सुमारे साडेसात वॉट शक्ती जोड आणि स्विच तापविण्यात जाते. डिपरचे प्लास्टिक वितळते ते यामुळेच.

रिले म्हणजे काय

विहिरीवरील पंपाचा चुंबकीय स्टार्टर शेतकऱ्यांच्या परिचयाचा आहे. हिरवे बटण दाबताच आतील कॉइलला थोडी वीज मिळते, कॉइल चुंबक बनून पट्ट्या ओढून घेते आणि त्या मोठ्या पट्ट्यांमधून मोटारीला वीज जाते. मोटारीचा सारा प्रवाह बटणातून जात नाही; बोट केवळ हुकूम देते. वीज गेली की कॉइल सुटते आणि स्टार्टर पडतो. मोटारसायकलचा रिले हा याच स्टार्टरचा काड्यापेटीहूनही लहान भाऊ होय. तारायंत्रातही, लांबच्या अंतराने क्षीण झालेला संदेश पुढे पाठविण्यासाठी हीच युक्ती वापरीत. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. युक्ती मात्र प्रत्येक वाहनात कामास येत आहे.

१२ व्होल्टच्या सामान्य रिलेची कॉइल ०.१५ ते ०.२ अँपियर इतकाच प्रवाह घेते. म्हणून रिले बसविल्यावर जुन्या तारेवर व स्विचवर अगदी हलका भार राहतो, आणि बल्बची खरी वीज बॅटरीतून नव्या, जाड व आखूड तारेने थेट जाते.

आधी तपासणी, मग खर्च

रिले आणण्यापूर्वी पुढील तपासणी अवश्य करावी.

१. बॅटरीच्या टोकांवरील पांढरी भुकटी खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने धुवावी, टोके कोरडी करून घट्ट आवळावीत व वर व्हॅसलीन लावावे. सोड्याचे पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये.

२. अर्थची तार गाडीच्या सांगाड्याला जेथे जोडली आहे तेथील रंग व गंज घासून काढावा. पुष्कळ गाड्यांचा दोष एवढ्यानेच दूर होतो.

३. इंजिन व दिवा चालू ठेवून मल्टिमीटरने प्रथम बॅटरीवरील आणि नंतर बल्बच्या होल्डरवरील व्होल्टेज मोजावे. दोहोंत सुमारे अर्ध्या व्होल्टहून अधिक फरक राहिला, तरच रिलेचा खर्च सार्थकी लागेल.

४. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारणतः १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसावेत. तेवढे नसतील तर दोष चार्जिंगमध्ये आहे. रिले वीज निर्माण करीत नाही. असलेली वीज वाया जाऊ देत नाही, एवढेच त्याचे काम.

दिव्याची जोडणी

१२ व्होल्ट, ३० अँपियरचे दोन रिले घ्यावेत. एक खालच्या झोताचा व दुसरा वरच्या झोताचा. रिलेच्या टोकांवर आकडे असतात. ३० या टोकास बॅटरीच्या धन टोकाकडून येणारी नवी तार, ८७ या टोकास बल्बकडे जाणारी तार, ८६ या टोकास पूर्वी बल्बला जाणारी जुनी तार, आणि ८५ या टोकास अर्थ जोडावा. रिलेला ८७अ असे पाचवे टोक असल्यास ते मोकळे सोडून त्यावर आवरण चढवावे.

बॅटरीकडून येणारी तार २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची असावी आणि तिच्यात बॅटरीच्या अगदी जवळ १५ अँपियरचा फ्यूज घालावा. फ्यूज नसलेली तार सांगाड्याला घासून उघडी पडल्यास गाडी पेट घेऊ शकते. हा जोड कधीही गाळू नये. बल्बचा अर्थही नव्या तारेने थेट बॅटरीच्या ऋण टोकास न्यावा, कारण परतीची वाट खराब राहिली तर अर्धेच काम होते. रिलेची टोके खालच्या दिशेस राहतील असे ते बसवावेत, म्हणजे पावसाचे पाणी आत शिरणार नाही. काम सुरू करताना बॅटरीचे ऋण टोक प्रथम सोडावे व शेवटी जोडावे.

सेल्फमधील रिले

सेल्फची मोटार क्षणभर कित्येक दहा अँपियर प्रवाह ओढते. एवढा प्रवाह हँडलवरील बटणास सोसवणार नाही. म्हणून तेथे कारखान्यातूनच मोठा रिले बसविलेला असतो. बटण दाबल्यावर येणाऱ्या आवाजावरून दोष बराचसा ओळखता येतो.

१. भराभर टकटक आवाज येत असेल तर बॅटरी उतरलेली आहे किंवा तिचे जोड सैल आहेत. बंद गाडीत भरलेल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दाब असतो. सेल्फ मारताना तो १० व्होल्टच्या बराच खाली गेला तर बॅटरी तपासून घ्यावी.

२. एकच ठोका पडून मोटार फिरत नसेल आणि बॅटरी चांगली असेल, तर रिलेच्या पट्ट्या जळलेल्या अथवा मोटारीचे कार्बन झिजलेले असतात.

३. आवाजच होत नसेल तर फ्यूज, बटण, क्लचखालचा स्विच व अर्थ पाहावा.

काही गाड्यांत या मोठ्या रिलेची कॉइलच ३ ते ४ अँपियर घेते आणि तो प्रवाह किल्ली, बटण व क्लचचा स्विच अशा जुन्या वाटेने येतो. वाट खराब असल्यास रिले कधी ओढतो, कधी नाही. तेथे बटण व मोठा रिले यांच्यामध्ये वरीलप्रमाणे एक लहान रिले, त्याच्या स्वतंत्र फ्यूजसह, घातल्यास बटणावरील भार उतरतो व सेल्फ भरवशाने लागतो. क्लचचा किंवा न्यूट्रलचा स्विच मात्र वगळू नये. पेचकसाने रिलेची दोन मोठी टोके जोडून गाडी सुरू करण्याची सवय घातक आहे. गाडी गिअरमध्ये असल्यास ती एकाएकी पुढे झेपावते, आणि ठिणगीने बॅटरीतील वायू पेटू शकतो.

कोठे रिले लावू नये

पुष्कळ जुन्या लहान गाड्यांचा दिवा बॅटरीवर नसून इंजिनातील कॉइलच्या एसी विजेवर चालतो. इंजिनाच्या वेगाबरोबर उजेड कमीजास्त होणे ही त्याची खूण. एसी विजेवर हा रिले नीट ओढून धरत नाही, थरथरतो. म्हणून तेथे वरील जोडणी करू नये. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींत इंजिन सुरू होताच दिवा आपोआप लागण्याची सोय सक्तीची झाली. त्यामुळे अशा गाडीत इंजिन बंद असताना दिवा लागत नाही, एवढ्यावरून तो एसी समजू नये. फिटरकडून मीटरने खात्री करावी. एलईडी दिव्यास प्रवाह थोडाच लागतो, म्हणून त्यास रिलेची गरज नाही. इंधन इंजेक्शनच्या गाडीतील संगणकाच्या तारा कधीही तोडू नयेत, आणि गाडी हमीच्या मुदतीत असल्यास विक्रेत्याला विचारल्यावाचून वायरिंगला हात लावू नये.

रिले बसविला म्हणून अधिक वॉटचा बल्ब लावण्याचा मोह टाळावा. त्याने चार्जिंगवर ताण येतो, होल्डर तापतो आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी एक मल्टिमीटर जवळ ठेवून, गळिताचा हंगाम सुरू होण्यापूर्वी एखाद्या सायंकाळी गावातील फिटरच्या साहाय्याने गाड्यांचे दिवे तपासून घ्यावेत. बैलगाड्यांना व ट्रॉल्यांना मागे प्रकाश परावर्तित करणाऱ्या पट्ट्या चिकटविण्याचे कामही त्याच वेळी उरकता येईल. एकाचा दिवा प्रखर व दुसऱ्याचे वाहन दिसेल असे झाले, म्हणजे रात्रीची वाट दोघांनाही निर्धोक होईल.