परतीच्या पावसाचा अंदाज : जमीन, वारा आणि समुद्र

भाद्रपद सरत आला की जळगाव-धुळे भागातील शेतकऱ्यांपुढे एकाच वेळी अनेक कामे उभी राहतात. कपाशीची बोंडे फुटू लागतात, कांदेबाग केळीची लागवड करावयाची असते, दादर पेरणीची तयारी सुरू होते आणि मेहरूण शिवारात ज्या काही बोरीच्या बागा शहराच्या वाढीतून शिल्लक राहिल्या आहेत, त्या फुलोऱ्यात असतात. पाऊस हवा की नको, याचे प्रत्येक पिकाचे उत्तर निराळे आहे. दादरला ओल हवी, उघड्या कापसाला थेंबही नको. जूनमध्ये अंदाज चुकला तर दुबार पेरणी तरी करता येते. फुटलेले बोंड भिजले तर ते पुन्हा मिटता येत नाही. म्हणून या दिवसांतील हवामानाचा अंदाज नीट वाचता येणे फार गरजेचे आहे.

पाऊस येतो कोठून?

आपल्या उत्तरेस सातपुडा आणि दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर आहेत. मधल्या पट्ट्यातून तापी पश्चिमेकडे वाहते. अरबी समुद्रावरून येणारे नैऋत्येचे वारे आपला बराचसा पाऊस सह्याद्रीवर टाकून येतात, आणि सप्टेंबरच्या उत्तरार्धात तर ते मंदावतात. त्यामुळे या काळातील आपल्याकडचा मोठा पाऊस बहुधा पूर्वेकडून, म्हणजे बंगालच्या उपसागरात तयार होऊन पश्चिमेकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांतून मिळतो.

सन २०२१ चे उदाहरण घ्या. 'गुलाब' हे चक्रीवादळ २६ सप्टेंबरच्या संध्याकाळी आंध्र प्रदेशात कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर आले. जमिनीवर येताच त्याचा जोर ओसरला, पण त्यातील बाष्प संपले नाही. तेलंगण, मराठवाडा, विदर्भ असा प्रवास करीत त्याचे अवशेष २८ सप्टेंबरला उत्तर महाराष्ट्रापर्यंत पोहोचले आणि जोराचा पाऊस झाला. पुढे तेच अवशेष गुजरातमार्गे अरबी समुद्रात उतरले, तेथील उबदार पाण्यावर पुन्हा बळावले आणि 'शाहीन' या नावाने ३ ऑक्टोबरला ओमानच्या किनाऱ्यावर धडकले. एकाच वादळाने दोन समुद्र पाहिले!

यात आपल्या कामाची गोष्ट म्हणजे मधले दोन दिवस. आंध्र किंवा ओडिशाच्या किनाऱ्यावर कमी दाबाचे क्षेत्र आल्याची बातमी ऐकली की आपल्या हाती साधारण तेवढाच वेळ असतो. असे प्रत्येक क्षेत्र खानदेशात येईलच असे नाही. काही छत्तीसगड-मध्य प्रदेशातूनच उत्तरेकडे वळतात. तरीही त्या दोन दिवसांत फुटलेला कापूस वेचून घरात आणावा. खताचा हप्ता व फवारणी पुढे ढकलावी. केळीची रोपे आणून ठेवली असतील तर लागवड थांबवावी. शेतातील चर मोकळे करून ठेवावेत.

अरबी समुद्राची तऱ्हा वेगळी आहे. तेथील वादळ आपल्यापासून दूर जात असले तरी निर्धास्त राहू नये. ऑक्टोबर २०१९ च्या अखेरीस 'क्यार' आणि त्यापाठोपाठ 'महा' ही वादळे अरबी समुद्रात होती. 'क्यार' तर महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर आलेच नाही. तरीही त्या दिवसांतील अवकाळी पावसाने राज्यात काढणीला आलेल्या पिकांची मोठी हानी झाली. त्या वर्षी राजस्थानातून मान्सून परतण्यास ९ ऑक्टोबरला सुरुवात झाली, म्हणजे नेहमीपेक्षा बरीच उशिरा. हस्त नक्षत्र लागले की हत्तीचा पाऊस यायचाच, हा वडीलधाऱ्यांचा ठोकताळा सर्वस्वी चुकीचा नाही; पण केवळ पंचांगावर कापूस वेचणी ठरवणे आता परवडणारे नाही.

अंदाजातील शब्दांचा अर्थ

आकाशवाणीवर किंवा वर्तमानपत्रात 'मध्य महाराष्ट्रात पाऊस' असे येते, तेव्हा पुष्कळांचा गैरसमज होतो. हवामान खात्याच्या मध्य महाराष्ट्र विभागात नंदुरबार, धुळे, जळगावपासून थेट सांगली, कोल्हापूर, सोलापूरपर्यंतचे जिल्हे मोडतात. तो पाऊस कोल्हापूरचाही असू शकतो! म्हणून जिल्हानिहाय अंदाजच पाहावा.

'तुरळक ठिकाणी' म्हणजे विभागातील पंचवीस टक्के किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस अपेक्षित आहे. 'काही ठिकाणी' म्हणजे पन्नास टक्क्यांपर्यंत, 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत. चोवीस तासांत ६४.५ मि.मी. वा अधिक पाऊस झाला तर त्यास 'जोरदार' आणि ११५.६ मि.मी. पासून 'अतिजोरदार' म्हणतात. तेव्हा 'तुरळक ठिकाणी जोरदार' याचा अर्थ असा की पाऊस आपल्या गावी कदाचित येणारही नाही, पण आला तर शेतात पाणी साचेल. हे वाक्य ऐकून दादरच्या पेरणीसाठी ओल मिळेल असे गृहीत धरू नये, मात्र कापूस जरूर वेचून घ्यावा. जिल्हानिहाय कृषी सल्ला दर मंगळवारी व शुक्रवारी पाच दिवसांच्या अंदाजासह निघतो. 'मेघदूत' या मोबाइल अ‍ॅपवरही तो मराठीत मिळतो.

एल निनोची चर्चा मात्र बेताने ऐकावी. तो संपूर्ण हंगामाचा कल सांगतो, आठवड्याचा पाऊस नव्हे. सन २०२३ मध्ये एल निनो होता, देशातील ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला आणि चाळीसगाव तालुका दुष्काळी जाहीर झाला. त्याच चाळीसगावात दोनच वर्षे आधी, ३१ ऑगस्ट २०२१ रोजी, तितूर व डोंगरी नद्यांना महापूर आला होता.

पाऊस पडून गेल्यावर

कपाशीत दीर्घ उघडिपीनंतर एकदम पाणी साचले की हिरवीगार झाडे अचानक माना टाकतात. हा आकस्मिक मर होय. तो बुरशीचा रोग नसून मुळांना हवा न मिळाल्याने होतो. म्हणून औषधाच्या आधी साचलेले पाणी बाहेर काढावे व वाफसा येताच हलकी कोळपणी करावी. भिजलेला कापूस वेचल्यास वेगळा ठेवावा, चांगल्यात मिसळू नये.

दादरची पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात वाफसा साधून करावी. कोरडवाहू हरभराही ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्याच्या पुढे फार लांबवू नये, कारण पुढे वरच्या थरातील ओल झपाट्याने उडते. मात्र जमीन अजून तापलेली असताना पेरलेल्या हरभऱ्यात मर रोगाचा धोका असतो, तेव्हा ट्रायकोडर्माची ५ ग्रॅम प्रति किलो बियाणे याप्रमाणे प्रक्रिया चुकवू नये.

वारा फिरल्याची खूण

सलग पाच दिवस पाऊस न होणे, हवेतील बाष्प लक्षणीय घटणे आणि जमिनीपासून सुमारे दीड किलोमीटर उंचीपर्यंत वारे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरू लागणे, या तीन गोष्टी पाहून राजस्थानच्या पश्चिम भागातून मान्सून परतल्याचे जाहीर होते. त्याची सर्वसाधारण तारीख १७ सप्टेंबर आहे. मुंबईची ८ ऑक्टोबर. आपल्याकडे त्याची चाहूल शेतातच लागते. पश्चिमेचा वारा पडतो, सकाळी ईशान्येची झुळूक येते, दुपारी ऊन चटका देते आणि पहाटे दव पडते.

पाऊस थांबला म्हणजे करपा थांबला, असे केळी उत्पादकांनी समजू नये. पानावर रात्रभर टिकणारे दव या बुरशीला पुरेसे होते. मृगबागेतील पानांचा रोगट भाग कापून बागेबाहेर नेऊन नष्ट करावा आणि मगच शिफारशीत बुरशीनाशक फवारावे. रोगट पाने तशीच ठेवून केलेली फवारणी म्हणजे पैशांचा अपव्यय. बोरीवर हाच काळ भुरीचा असतो. लहान फळांवर पांढरी पावडर दिसताच पाण्यात मिसळणारे गंधक फवारावे, परंतु ऑक्टोबरच्या दुपारी नव्हे. तापमान पस्तीस अंशांच्या आसपास असताना गंधकाने कोवळी पाने व फळे भाजतात. फवारणी सकाळी दव उतरल्यावर किंवा ऊन कलल्यावर करावी.

कापूस वेचणीही दव उडाल्यावरच, नऊ-दहाच्या पुढे सुरू करावी. सरकारी खरेदीत आठ टक्के ओलावा प्रमाण मानतात; त्यापुढे बारा टक्क्यांपर्यंत भावात कपात होते आणि बारा टक्क्यांवरचा माल घेत नाहीत. पहाटे वेचलेला कापूस खळ्यावर पातळ पसरून दोन-तीन उन्हे द्यावीत, मगच त्याची गंजी लावावी.