काळ्या डागाचा निकाल काचेवर

मुळशी तालुक्यातल्या कासार आंबोलीच्या खाचरांत भातलावणी सुरू झाली की माणसं दिवसभर अनवाणी चिखलात वावरतात. टाचेत काटा, बोटाला ठेच, तळव्याला कुरूप हे मुळशीत नेहमीचंच. अशा पायावर एखादा काळा डाग उमटला, महिनोन् महिने पसरत राहिला, तरी त्याची दखल घेतली जात नाही. असे बहुतेक डाग निरुपद्रवी असतात. क्वचित एखादा मात्र मेलानोमा निघतो, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग.

गोऱ्या कातडीच्या लोकांच्या देशांत या आजाराचं नातं उन्हाशी असतं. भारतात तो दुर्मीळ आहे आणि झालाच तर बऱ्याचदा तळपायावर किंवा नखाखाली होतो. तिथे उन्हाचा फारसा संबंध नाही. गायक बॉब मार्लीच्या पायाच्या अंगठ्यात तो १९७७ साली सापडला. १९८१ मध्ये, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी त्याचं निधन झालं.

डाग बघून शंका येते. निकाल लागतो सूक्ष्मदर्शकाखाली. शक्य असेल तर डॉक्टर अख्खा डागच भोवतालच्या थोड्या निरोगी त्वचेसह काढून तपासणीला पाठवतात. प्रयोगशाळेत तो मेणाच्या ठोकळ्यात, म्हणजे ब्लॉकमध्ये, बसवून त्याचे मिलिमीटरच्या जेमतेम दोनशेपन्नासाव्या भागाइतके पातळ काप घेतात आणि जांभळ्या-गुलाबी रंगात रंगवतात. तळपायाचं एक खास पथ्य आहे: काप त्वचेवरच्या रेघांना आडवा हवा. रेघेच्या दिशेने घेतला, तर साधा तीळही फसवू शकतो.

निरोगी त्वचेत रंगपेशी वरच्या थराच्या तळाशी, एकमेकींपासून अंतर राखून असतात. मेलानोमात त्या दाटी करतात, वरच्या थरांत चढतात, आकाराने वेड्यावाकड्या होतात. साध्या तिळाच्या पेशी खोलवर जाताना लहान होत जातात. मेलानोमात तसं होत नाही, उलट खोलातही त्यांचं विभाजन चालू दिसतं.

मग येते मोजणी. अमेरिकी पॅथॉलॉजिस्ट अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० मध्ये दाखवून दिलं, की गाठीची जाडी रुग्णाचं भवितव्य सांगते. जाडी म्हणजे त्वचेच्या कणीदार थरापासून सर्वांत खोल कर्कपेशीपर्यंतचं अंतर. ते १ मिलिमीटरपर्यंत असेल, तर साधारण १ सेंटिमीटर भोवतालची त्वचा काढतात. २ मिलिमीटरच्या वर गेलं, तर २ सेंटिमीटर. गाठीवरची त्वचा फुटून जखम झाली आहे का, हेही अहवालात लागतं.

सगळ्याच स्लाइड सरळ बोलत नाहीत. तळपायाच्या निरुपद्रवी तिळातही काही पेशी वर चढलेल्या दिसतात. अमेरिकेतल्या १८७ पॅथॉलॉजिस्टचा अभ्यास २०१७ मध्ये ‘बीएमजे’त आला. अगदी साध्या तिळांवर त्यांचं निदान तज्ज्ञ मंडळाच्या निदानाशी ९२ टक्के जुळलं. मधल्या, संशयास्पद गटांत हे प्रमाण २५ ते ४० टक्क्यांवर घसरलं. अशा वेळी एस-१००, सॉक्स-१०, एचएमबी-४५ यांसारख्या प्रथिनांच्या चाचण्या मदतीला येतात. सावळ्या त्वचेतला मूळ रंगच तपकिरी, म्हणून चाचणीसाठी लाल रंग वापरला तर वाचन सोपं जातं.

शंका उरली, तर दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घेणं हा रुग्णाचा हक्क आहे. त्यासाठी ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्याव्यात. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयासारख्या केंद्रात त्या पुन्हा वाचल्या जातात. कुरूप समजून डाग आम्लाने जाळला किंवा कापून फेकला, तर मोजायला काहीच उरत नाही. तपासणीच्या चिठ्ठीवर डाग कुठे आहे, कधीपासून आहे आणि वाढतोय का, हे डॉक्टरांकडून आवर्जून लिहून घ्यावं.