खानदेशातील फळबागा व त्यांच्या परिसरातील वनस्पती-विषाणूंचा समुदाय : अभ्यासाची एक दिशा

तापी खोऱ्यातील रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांत केळी, तर शिरपूर व लगतच्या शहादा परिसरात पपई ही महत्त्वाची फळपिके होत. (शहादा तालुका १ जुलै १९९८ पूर्वी धुळे जिल्ह्यातच समाविष्ट होता.) या पिकांवरील विषाणुजन्य रोगांचा अभ्यास बहुधा रोगट झाडापासून सुरू होतो व तेथेच संपतो. बाग, बांध, नाला व शेजारचे शेत हे मिळून एकच अभ्यासक्षेत्र का मानावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

२०२० च्या पावसाळ्यात रावेर-यावल भागातील केळीबागांत कुकुंबर मोझॅक विषाणूचा मोठा प्रादुर्भाव झाला आणि शेतकऱ्यांनी हजारो रोपे उपटून टाकली. शेतकरी या रोगास ‘हरण्या’ म्हणतात. कोवळ्या पानांवर तुटक पिवळे पट्टे उमटतात, पाने आकसतात व पुढे पोंगा सडतो. अशा वेळी वाद एकच असतो : विषाणू ऊतिसंवर्धित रोपांतून आला की शिवारातून? शेतकरी रोपवाटिकेकडे बोट दाखवितो, रोपवाटिका बांधाकडे. नुकसानभरपाई या उत्तरावर अवलंबून असते. मात्र केवळ रोगट पान तपासून ते मिळत नाही, कारण पानातील विषाणू आपला प्रवास सांगत नाही.

हा विषाणू १९१६ मध्ये अमेरिकेत काकडीवर वर्णिला गेला. केळीवरील रोगाचे वर्णन मॅगी यांनी १९३० मध्ये ऑस्ट्रेलियातून केले. त्याच्या यजमान वनस्पती १२०० हून अधिक असून माव्याच्या ८० हून अधिक जाती त्याचा प्रसार करतात. मावा रोगट पानात सोंड खुपसून काही सेकंदांतच विषाणू उचलतो व तितक्याच अल्पावधीत दुसऱ्या झाडास देतो. म्हणूनच केवळ कीटकनाशकांनी हा प्रसार थांबत नाही; कीटक मरण्यापूर्वीच त्याचे काम झालेले असते. त्यातही कपाशीवरचा मावा केळीवर वस्ती करीलच असे नाही, तो चव घेऊन निघून जातो. खानदेशात कपाशी सर्वत्र आहे. म्हणजे रोगवाहकाचे घर एका शेतात, विषाणूचे घर बांधावरील केन्यात किंवा शेजारच्या काकडी-मिरचीत आणि नुकसान तिसऱ्याच शेतात, अशी ही रचना आहे. केळीत काकडीवर्गीय आंतरपिके घेऊ नयेत, हा सल्ला यातूनच आला.

पपईवरील रिंगस्पॉट विषाणूचे चित्र वेगळे आहे. त्याचाही प्रसार माव्यामार्फतच होतो. परंतु यजमान मोजकेच, मुख्यतः पपई व काकडीवर्गीय वनस्पती. तेथे तणांपेक्षा शेजारची जुनी, सोडून दिलेली पपईबाग अधिक घातक ठरते. दोन्ही रोगांवर ‘बांध स्वच्छ ठेवा’ हा एकच उपाय सांगणे शास्त्रास धरून नाही.

समुदाय म्हणून विषाणूंकडे पाहण्याची पद्धत गेल्या दोन-अडीच दशकांत रुजली. अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्याच्या संरक्षित गवताळ प्रदेशात वन्य वनस्पतींची सरसकट तपासणी झाली, तेव्हा विषाणू असूनही बहुसंख्य झाडे निरोगी दिसत होती. दक्षिण फ्रान्स व दक्षिण आफ्रिकेत शेती व वन्य भूभाग जाळीच्या चौकटींत विभागून केलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लागवडीखालील क्षेत्रांत विषाणूंचे प्रमाण अधिक आढळले. बांध हाच नेहमी गुन्हेगार, हे गृहीतक त्यामुळे तपासून घ्यावे लागते. विषाणू बागेतून तणांतही जात असतो.

आपल्याकडे असा अभ्यास करावयाचा तर नमुने निरोगी दिसणाऱ्या झाडांचेही घ्यावेत आणि मृगबाग लागवडीपूर्वी, पावसाळ्यात व कांदेबागेच्या वेळी अशा तीन ऋतूंत घ्यावेत. केना, धोत्रा, शेंदाड, रानकारली ही तणे त्यांत हवीतच. एलायझा चाचणी अपेक्षित विषाणूच दाखविते. अनपेक्षित विषाणूंसाठी जनुकीय क्रमवाचन लागते. कुकुंबर मोझॅक विषाणूचा जनुकसंच तीन तुकड्यांचा असल्याने आणि दोन प्रभेद एकत्र आल्यास तुकड्यांची अदलाबदल होऊ शकत असल्याने, केन्यातील व केळीतील विषाणू एकच आहे असे म्हणण्यापूर्वी तिन्ही तुकडे ताडून पाहावेत. केळीच्या स्ट्रीक विषाणूबाबत सावधगिरी अधिक हवी, कारण तत्सम जनुकखंड केळीच्या स्वतःच्या गुणसूत्रांतही असतात व चाचणी फसवी ठरू शकते.

केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची ऊतिसंवर्धित रोपांची प्रमाणीकरण व्यवस्था २००६ पासून आहे. परंतु प्रयोगशाळेतून निघालेले रोप शेतात जाण्यापूर्वी काही आठवडे शेडनेटमध्ये कणखर केले जाते आणि हे शेडनेट पुष्कळदा केळीच्याच शिवारात उभे असते. वादातील दोन्ही पक्ष ज्या जागेचा उल्लेख टाळतात, ती हीच. शेडनेटभोवतालच्या तणांची व तेथील रोपांची एकाच आठवड्यात तपासणी करण्याचे काम परिसरातील महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र विभागांना सहज करता येईल. तणांची अचूक ओळख पटविण्याचे कौशल्य त्यांच्याकडे आहेच, क्रमवाचन मोठ्या संस्थेकडून करून घेता येते.