नळ उघडा, मोरी बंद

आरोग्यावरचे व्याख्यान संपते, सभागृह रिकामे होते आणि मग एखादे गृहस्थ जवळ येऊन हळूच विचारतात, "रक्तदाबाची गोळी चालू आहे. ताठरतेसाठी मिळते ती गोळी घेतली तर चालेल का?" प्रश्न संकोचाचा वाटतो, पण उत्तर निव्वळ शरीरशास्त्राचे आहे. ते समजून घेऊ या.

रक्तवाहिनीच्या भिंतीत स्नायूंचा थर असतो. तो आवळला की वाहिनी अरुंद होते, सैल पडला की रुंद होते. सैल पडण्याचा निरोप नायट्रिक ऑक्साइड हा वायू आणतो. त्यामुळे पेशीत चक्रीय जीएमपी हा रेणू तयार होतो आणि स्नायू सैल पडतो. पुढे पीडीई-५ नावाचे विकर या रेणूचे विघटन करते. अंकगणितातला नळ आणि हौद आठवा. नायट्रिक ऑक्साइड हा नळ, पीडीई-५ ही मोरी. हौदात पाणी जितके जास्त, तितकी वाहिनी सैल. नायट्रिक ऑक्साइडच्या या कार्याचा शोध लावल्याबद्दल फर्चगॉट, इग्नारो व मुराद यांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

त्याच वर्षी अमेरिकेत सिल्डेनाफिलला मान्यता मिळाली. हृदयशूळावर तपासताना या औषधाचा वेगळाच गुण ध्यानात आला होता. ते पीडीई-५ ला अडवते, म्हणजे मोरी बंद करते. शिस्नातील ऊतींत हे विकर भरपूर असल्याने परिणाम तेथे ठळक दिसतो. पण इतरत्रही वाहिन्या थोड्या सैलावतात आणि रक्तदाब किंचित उतरतो.

म्हणून उत्तर गोळी कोणती यावर अवलंबून आहे. अॅम्लोडिपिन, एनालाप्रिल, लोसार्टान यांचे मार्ग वेगळे आहेत. अॅम्लोडिपिन घेणाऱ्यांना १०० मिलिग्रॅम सिल्डेनाफिल दिले, तेव्हा वरचा दाब सरासरी ८ व खालचा ७ मिलिमीटरने आणखी उतरला. बहुतेकांना हे सोसते. तरी डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. प्राझोसिन, डॉक्साझोसिन या अल्फा-रोधकांबरोबर मात्र उभे राहताच घेरी येऊ शकते. तेथे आधीचे औषध अंगवळणी पडल्यावर, लहान मात्रेनेच सुरुवात करतात.

खरा धोका नायट्रेटांचा. नायट्रोग्लिसरीन, आयसोसॉर्बाइड ही छातीतील कळेवरची औषधे. पण रुग्ण त्यांनाही 'प्रेशरच्या गोळ्यां'त धरतात. ती नळ उघडतात. नळ उघडा आणि मोरी बंद! सर्व वाहिन्या एकदम सैलावतात, दाब कोसळतो, मेंदूला व हृदयाला रक्त पुरत नाही. प्रसंगी मृत्यू ओढवतो. ही जोडी कोणत्याही मात्रेत वर्ज्य आहे. सिल्डेनाफिलनंतर निदान २४ तास आणि टॅडालाफिलनंतर निदान ४८ तास नायट्रेट टाळतात.

आता कल्पना करा. रात्री छातीत कळ येते. घरची माणसे घाईने जिभेखाली गोळी ठेवतात. तीच नायट्रेटची! संध्याकाळी घेतलेली दुसरी गोळी रुग्णाने सर्वांपासून लपवलेली असते. मदतीचा हातच घात करतो. अशा वेळी रुग्णालय गाठावे आणि आल्या आल्या डॉक्टरांना काय घेतले ते सांगावे. 'जडीबुटी' म्हणून विकल्या जाणाऱ्या काही औषधांतही सिल्डेनाफिल मिसळलेले आढळले आहे. तीही लपवू नयेत.

त्या गृहस्थांना आम्ही एवढेच सांगतो: हाच प्रश्न डॉक्टरांना विचारा, आणि जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या सोबत न्या.