स्टारच्या पाठीवरचा नंबर

पहाटे साडेपाच

मुंबई-हावडा लाइनवरची मालगाडी दरेकशाच्या बोगद्याकडे निघाली की भोंगा देते, तोच माझा गजर. जानेवारीतली थंडी, अंगणातल्या शेकोटीजवळ चहा. समोर कचारगडचा डोंगर अजून काळाच असतो. फौजेत 24 वर्षं क्लार्क होतो, हवालदार म्हणून घरी आलो. परेड सुटली, उठण्याची वेळ मात्र सुटली नाही.

सकाळी आठ

सेवा केंद्राचं शटर वर. धान विक्रीच्या नोंदणीसाठी चौघे, एक जातीचा दाखला, दोन सातबारे. नेट आलं की कामं होतात, गेलं की सगळे मिळून टॉवरकडे बघतो. दहापर्यंत हेच चालतं.

सकाळी दहा

दहानंतरचा वेळ माजी सैनिकांचा. त्याचे पैसे मी घेत नाही. भिंतीवर अल्बर्ट एक्का यांचा फोटो लावलाय. गुमल्याकडचा आदिवासी जवान, 3 डिसेंबर 1971 ला गंगासागरच्या लढाईत पडला, मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. इकडची गोंड पोरं तो फोटो बघून भरतीचं विचारतात.

आज काका आले. धनेगावच्या अलीकडच्या टोल्यावर राहतात. पंचाहत्तरी ओलांडली आहे, पाठ अजून ताठ. मला ते नावाने हाक मारत नाहीत, पलटणीत क्लार्कला म्हणतात तसं 'बाबू' म्हणतात.

"जय सेवा, बाबू."

"जय हिंद, काका. बसा."

बसले नाहीत. कोटाच्या आतल्या खिशातून रुमाल काढला, टेबलावर ठेवला, गाठ सोडली. आत पाच टोकांचा तांबूस स्टार, मध्ये राजमुद्रा. रिबन विरलेली. पूर्वी स्टार. 1971 च्या लढाईत जे पूर्वेच्या रणांगणावर होते त्यांना हा मिळाला, पश्चिमेला लढले त्यांना पश्चिमी स्टार.

"हे डिस्चार्ज बुकात लिवून पायजे," काका म्हणाले.

मी पुस्तक उघडलं. 1968 ला भरती, 1983 ला पेन्शन. मेडलच्या रकान्यात सैन्य सेवा मेडल, संग्राम मेडल, नऊ वर्षांचं दीर्घ सेवा मेडल, स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाचं मेडल. पूर्वी स्टार नाही.

"इतकी वर्षं कधी बोलला नाहीत, काका?"

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग सांगितलं. गेल्या 16 डिसेंबरला, विजय दिवसाला, एका कार्यक्रमात माजी सैनिकांचा सत्कार होता. काका कोटावर सगळी मेडलं लावून गेले. सूत्रसंचालकाच्या हातातल्या यादीत प्रत्येकाच्या नावापुढे मेडलं लिहिली होती. काकांच्या नावापुढे हा स्टार नव्हता. त्याने यादीकडे पाहिलं, छातीकडे पाहिलं, आणि शेजारच्याला म्हणाला, हे बाजारात पण मिळते.

"नातू होता बाजूले," काका म्हणाले. "त्यानं आयकलं."

त्या दिवसापासून स्टार कोटावर नाही, रुमालात आहे.

बाजारात मिळतं हे खरंच आहे. सरकारी मेडल हातात पडायला वर्षं लागतात, म्हणून जवान छावणीच्या बाजारातून तसंच मेडल विकत घेऊन परेडला लावतात. मीही लावलंय. त्यात फसवणूक कुणाची नाही, हक्क मंजूर झालेला असतो. पण म्हणूनच कागदावरची ओळ लागते. ती ओळ नसेल तर लढलेल्या माणसालाही स्वतःच्या छातीवरच्या धातूचा खुलासा द्यावा लागतो, तोही नातवादेखत. मला ते सहन होत नाही.

या मेडलने पेन्शन एका रुपयाने वाढत नाही. महिन्याचा भत्ता असतो तो शौर्यपदकांना. मी हे काकांना स्पष्ट सांगितलं.

"पैसा कोनं मांगितला जी? खरं आहे थे लिवा मनतो."

सकाळी अकरा

अर्जात पहिला प्रश्न येणार, हा स्टार तुमचाच कशावरून? उत्तर स्टारच्या पाठीवर असतं. आपल्या फौजेत गोल मेडलच्या कडेवर आणि स्टारच्या मागे जवानाचा नंबर, हुद्दा, नाव, रेजिमेंट ठोकलेलं असतं. बाजारातल्या मेडलवर ते नसतं.

मी स्टार उलटा केला आणि पोटात धस्स झालं. पाठ गुळगुळीत. सून दर दिवाळीला राख आणि चिंचेने घासत होती, देवाच्या भांड्यांबरोबर. तिने मायेनेच केलं. इतक्या दिवाळ्यांत अक्षरं झिजली. भिंग लावलं, मोबाइलचा उजेड तिरपा पाडला, तरी दोनच आकडे नीट दिसले.

मग एक जुनी युक्ती आठवली. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल फिरवायचो, छाप उमटायचा. मुलीच्या दप्तरातून पतंगी कागद आणला, स्टारच्या पाठीवर ताणून धरला आणि मऊ पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने फिरवू लागलो. करड्या रंगात एक पांढरी रेघ आली. तिचा चार झाला.

काका माझ्या मागे उभे होते. कागदाकडे न बघता त्यांनी नंबर म्हणायला सुरुवात केली. सातही आकडे, रोलकॉलला म्हणतात तसे, एका दमात. मी पेन्सिल पुढे नेत होतो आणि ते म्हणत होते तेच कागदावर उमटत होतं. सहावा आकडा मला तीन वाटला, ते आठ म्हणाले. पुन्हा घासलं. आठच होता.

डिस्चार्ज बुकातला नंबर तोच. मी खुर्ची पुढे सरकवली, तेव्हा ते बसले.

दुपारी साडेबारा

आता ओळ राहिली कशी, ते शोधायचं. जवानाच्या नोकरीत काहीही घडलं, रजा, बढती, लग्न, मेडल, की त्याचा पार्ट टू ऑर्डर निघतो. तो रेकॉर्ड ऑफिसला जातो आणि तिथे शीट रोलवर नोंद चढते. शीट रोलवर चढलं नाही ते फौजेच्या लेखी घडलंच नाही.

काकांना युद्धानंतर लगेच कावीळ झाली. तीन महिने फौजी दवाखान्यात. बरे झाल्यावर पोस्टिंग दुसऱ्या पलटणीत. इकडे जुन्या पलटणीने पात्र जवानांची यादी केली, त्यात ते होते, म्हणून तर स्टार ठोकून आला, तोही पुढे कित्येक वर्षांनी घरच्या पत्त्यावर पार्सलने. पण नोंद कुणी करायची? जुनी पलटण समजली नवी करेल. नवीला माहीतच नाही. माझा अंदाज हाच आहे, आणि तो मी अर्जात अंदाज म्हणूनच लिहिला.

लिहिताना हात अडखळला. महिनाअखेरीला टाइपरायटरवर बसून मीसुद्धा अशा याद्या केल्यात. जो दवाखान्यात, जो कोर्सवर, जो बदलीच्या वाटेवर, त्याची ओळ पुढच्या महिन्यात बघू म्हणून बाजूला ठेवलीय. सगळ्या ओळी नंतर बघितल्या गेल्या का, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. कुठल्या तरी गावात माझ्या हातून राहिलेली ओळ घेऊन कुणी बसलं असेल. दहानंतर पैसे न घेण्याचं कारण हेच आहे, घरात फक्त बायकोला माहीत आहे.

अर्ज हिंदीत केला, दोन पानी. नंबर, हुद्दा, नाव, भरती आणि डिस्चार्जची तारीख, डिसेंबर 1971 मधली पलटण, कंपनी, दवाखान्याचा काळ. सोबत डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश आणि आधारच्या प्रती, स्टारचे दोन्ही बाजूंचे फोटो, पेन्सिलचा छाप. मागणी एवढीच की जुन्या पलटणीच्या मेडल यादीशी ताडून पार्ट टू ऑर्डर काढावा आणि डिस्चार्ज बुकात नोंद करून द्यावी.

एक अडचण निघाली. डिस्चार्ज बुकात आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग वेगळं, आधारवर वेगळं. गोंडी आडनावांचं हे नेहमीचं दुखणं. भरतीच्या वेळी परमुलखातल्या क्लार्कने कानाला आलं तसं लिहिलं आणि जन्मभर तेच राहिलं. दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र सालेकशाहून करून आणायला काकांचा नातू मोटरसायकलवर गेला. त्याने एकदाही का म्हणून विचारलं नाही.

तो येईपर्यंत आम्ही दोघांनी भात आणि लाखोरीची डाळ खाल्ली. मी काकांना मुरलीकांत पेटकरांचं सांगितलं. सांगली जिल्ह्यातला जवान, 1965 च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झाला, 1972 ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहून सुवर्णपदक आणलं. पद्मश्री मिळाली 2018 ला, अर्जुन पुरस्कार त्यानंतर, वयाच्या ऐंशीत. काकांनी घास थांबवला.

"जिता होता ना तवा?"

"आहेत, तेव्हाही होते."

"मंग झालं."

दुपारी साडेतीन

पोस्टात. एक प्रत स्पीड पोस्टने रेकॉर्ड ऑफिसला, एक जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांना. पोस्टमास्तरांनी पाकीट तोललं, शिक्का मारला. पावती काकांनी स्वतः घेतली आणि स्टारच्या रुमालात ठेवली.

उत्तर आलं नाही तर स्मरणपत्र. तेही वाया गेलं तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज, त्याला 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. हे मी नातवाला समजावलं, काकांना नाही. त्यांना आज पाकीट गेलं एवढंच पुरे होतं.

संध्याकाळी साडेपाच

काकांना स्कूटरवर सोडायला गेलो. माघ पौर्णिमेची यात्रा जवळ आलीय. धनेगावात बांबू आणि ताडपत्र्या पडल्यात, पिवळ्या कापडाचे गठ्ठे उतरतायत. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, सगळीकडून गोंड समाज इथे कचारगडच्या गुहेशी येतो. गुहेत कोंडलेल्या काली कंकालीच्या लेकरांना पारी कुपार लिंगोंनी सोडवलं, आणि दगड सरकवायला बळ यावं म्हणून वाजवणारा हिरासुका त्याच दगडाखाली गेला, अशी कथा इथे घरोघरी सांगतात. हिरासुकाचं नाव काकांनी त्यांच्या आजीकडून ऐकलंय, नातवाने काकांकडून.

"यात्रेला स्टार लावा," मी म्हणालो. "तुमचाच आहे. आता तर छाप पण आहे."

"कागद येऊ द्या, बाबू."

मी पुढे बोललो नाही. सून दारात आली होती. काकांनी रुमाल तिच्या हातात दिला आणि म्हणाले, आता घासू नको. ती ओशाळली. तेच तिला म्हणाले, तू चमकावलं मनून तर मले रोज दिसत होतं.

रात्री नऊ

रजिस्टरमध्ये तारीख, अर्जाचा विषय आणि पावतीचा नंबर लिहिला. पुढच्या महिन्याच्या पानावर स्मरणपत्राची खूण केली. उद्या आठला धानवाले, दहाला एका वीरपत्नीच्या फॅमिली पेन्शनचं काम.

पतंगी कागदाचे दोन छाप घेतले होते. एक अर्जाबरोबर गेला, दुसरा रजिस्टरमध्ये चिकटवला. काकांचा नंबर लिहायला वर बघावं लागलं नाही. सातही आकडे पाठ झाले होते.